बिअरची बायको

घर बघायला आलेल्या बाईने दिवाणखान्याच्या मधोमध उभ्या असलेल्या फळ्यांच्या भिंतीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "हे काय?"

"भिंत," एलोइना म्हणाली.

"ते दिसतंय हो. पण इथे कशाला?"

एलोइनाने तिला नखशिखांत न्याहाळलं. पांढऱ्या चपला, पांढरी पँट, केसांत खोचलेला काळा चष्मा. हिबारा गावाच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडी गजांचासुद्धा भुगा होतो, आणि ही बया राजधानीहून, हावानाहून, पांढऱ्या चपला घालून समुद्राकाठचं जुनं घर विकत घ्यायला निघाली होती. इबिस तिचं नाव. हावानात तिच्या खानावळी होत्या, आता इथे पर्यटकांना उतरायला झकपक खोल्या काढायच्या होत्या. तिच्या मागे दलाल लाचो घामाने डबडबून उभा होता आणि कोणी काहीही बोललं तरी मान डोलवत होता.

"पलीकडे माझा नवरा राहतो," एलोइना म्हणाली. "म्हणजे नवरा होता. आणि त्याची बायको."

"एकाच घरात? अगंबाई, किती गोड!"

गोड! एलोइनाच्या मस्तकात तिडीक गेली. पण तीन वर्षांत आलेलं हे पहिलं धड गिऱ्हाईक होतं, म्हणून तिने मूग गिळले. इबिस खिडकीच्या गंजक्या गजांचे फोटो काढत म्हणाली, "हा गंज तसाच ठेवायचा हं, लाचो." लाचोने मान डोलवली. एलोइनाने जन्मभर तो गंज घासला होता.

कमानीवर रंगीत काचांचा अर्धचंद्र होता. भिंतीने त्याचेही दोन तुकडे केले होते. निळा आणि लाल एलोइनाकडे, पिवळा आणि हिरवा पलीकडे. सकाळी तिच्या फरशीवर निळे-लाल डाग पडत, आणि पलीकडे पिवळे पडत असणार हे तिला ठाऊक होतं, पण बघायला ती कधी गेली नव्हती. रस्त्यावरचं दार मात्र दोघांत एकच. कोणी कडी वाजवली की पलीकडून कोणीतरी आधी पोचायचं आणि ओरडायचं, "एलो, तुझ्याकडे कोणीतरी आलंय!" पोस्टमन येवो, डॉक्टर येवो, स्पेनहून लेकीचा निरोप घेऊन कोणी येवो, तिचं माणूस नेहमी त्यांच्या हातातून गाळून तिच्यापर्यंत यायचं. एलोइनाला आता मरण्याआधी एकच गोष्ट हवी होती. दार. चार वीत रुंदीचं असलं तरी चालेल, पण वाजलं की फक्त तिने उघडायचं दार.

पलीकडच्या अर्ध्यात आर्गेलिओ झुलत्या खुर्चीत गंजिफ्रॉकवर बसला होता, पण थाट राजाचा. "या, या, बाईसाहेब! हे तुळईचं लाकूड बघा, महोगनी. या खोलीत स्पेनचा एक ॲडमिरल झोपून गेलाय."

"ॲडमिरल!" एलोइना दारातूनच म्हणाली. "तंबाखूचं गोदाम होतं ते. झुरळं झोपून गेली असतील."

चुलीपाशी त्याची बायको मिग्दालिया पाठ करून उभी होती. लांबुडकी, हाडकुळी. तिने मागे वळून पाहिलं नाही आणि एलोइनाने तिच्याकडे पाहिलं नाही. ही पद्धत दोघींना चांगली जमलेली होती.

*

मिग्दालियाला या घरात कोणी आणलं, हे हिबाऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. एलोइनाने आणलं.

आर्गेलिओ तेव्हा मासळीच्या कारखान्यात होता आणि कारखाना बेघर कामगारांसाठी नवी इमारत बांधत होता. घर एलोइनाच्या मावशीचं, त्यामुळे नवरा-बायको वेगळे झाले तर आर्गेलिओ बेघर. मग काय, घेतला काडीमोड. फक्त कागदोपत्री. फ्लॅट मिळाला की पुन्हा लग्न. त्या वर्षी निम्म्या गावाने काडीमोड घेतला आणि एकही संसार मोडला नाही. सकाळी कचेरीत वेगळे व्हायचे आणि दुपारी एकाच ताटातला भात खायचे. इमारत दुसऱ्या मजल्यापर्यंत आली, सिमेंट संपलं, आणि तिथे आजही बकऱ्या बांधतात.

मग लेक मायलीन पंधराची झाली. पंधरावा वाढदिवस म्हणजे नाच आलाच, आणि नाच म्हणजे बिअर आली. दुकानात बिअर औषधालाही नव्हती. ती मिळायची फक्त नव्या जोडप्यांना, लग्नाच्या कागदावर, केकसोबत खोकी मोजून. डोकं चालवलं ते एलोइनाने. "तू काडीमोड घेतलेला आहेसच," ती नवऱ्याला म्हणाली, "तर करून टाक एक लग्न."

नवरीही तिनेच शोधली. कारखान्यातली मिग्दालिया. मुद्दाम निवडली. पुढचा दात आडवा, चाल उंटासारखी, हिच्यावर कोणाची नजर जाईल? एलोइनाने तिला स्वतःचा लग्नाचा फ्रॉक दिला, केस बांधून दिले, फोटोसुद्धा स्वतः काढले. आर्गेलिओ जाताना हसून म्हणाला होता, "फक्त कागदोपत्री, एलो. मी कुठे पळून जातोय?" खोकी आली, मायलीन नाचली, अख्खी गल्ली प्यायली.

मग वाईट वर्षं आली. दिवे जायचे, रांगा लागायच्या, आणि आर्गेलिओ काडीमोडाची सही आणायला म्हणून मिग्दालियाकडे जायचा तो उशिरा परतायचा, सही न घेता. एक दिवस तो कारखान्यातून फळ्या घेऊन आला. कुठे जाणार होता? घरं नव्हतीच कोणाला. भिंत उभी राहिली, मिग्दालिया गाठोडं घेऊन आली, आणि पुढे घरात जे राहतात त्यांच्या नावावर घर झालं तेव्हा अर्धं एलोइनाचं आणि अर्धं त्या दोघांचं झालं. तेव्हापासून एलोइनाने तिचं नाव घेतलं नाही. गावाशी बोलताना ती म्हणे, "ती आमच्याकडची बिअरची बायको."

*

अंगणातल्या टाक्याच्या कठड्यावर रुमाल टाकून इबिस बसली आणि म्हणाली, "घर मला हवंय. पण हे तुमचं आजी-माजी प्रकरण मला झेपायचं नाही. आपल्या त्रिनिदाद शहरात एक घर घेतलं मी. सह्या झाल्या, किल्ल्या घेतल्या, आणि मागच्या खोलीतून मालकाची आधीची सासू निघाली. अजून कोर्टात आहे. मला विकणारं एक सरळ कुटुंब हवं. नवरा, बायको, संपलं."

ती गेल्यावर लाचो घाम पुसत म्हणाला, "सोपं आहे, मावशी. आर्गेलिओकाका काडीमोड घेतील, मिग्दालियाकाकू आपला हिस्सा सोडतील, मग काकांचं आणि तुमचं लग्न. एक कुटुंब! फक्त कागदोपत्री. मग विका आणि अर्धंअर्धं घ्या."

"आणि ती हिस्सा सोडेल?"

"ते माझ्यावर सोड!" आर्गेलिओ म्हणाला. त्याने विचार केला असेल तर तो डोळे मिचकावण्याइतका वेळ. चेहऱ्यावर तेच हसू, बिअर आणायला निघाला होता तेव्हाचं, फक्त आता खाली दात कमी. "काय, एलो? चढतेस पुन्हा बोहल्यावर?"

एलोइनाला दार दिसत होतं. वरच्या गल्लीत एक लहानसं घर तिने कधीचं हेरून ठेवलं होतं, हिरव्या दाराचं. आणि बिअरची बायको गाठोडं घेऊन निघालेली दिसत होती, जशी आली तशी. खोटं कशाला बोला, तिला दुसरं चित्रही पहिल्याइतकंच आवडलं.

"चढते," ती म्हणाली.

संध्याकाळी ती फळीला पाठ लावून तांदूळ निवडत बसली होती. पलीकडून आर्गेलिओचा लाडीगोडीचा आवाज आला. "अगं, फक्त कागदोपत्री, मिग्दा. घर विकलं की पुन्हा तुझ्याशीच लग्न. मी कुठे पळून जातोय?"

एलोइनाचा हात तांदळात थांबला. तेच शब्द. गड्याने एक शब्दसुद्धा बदलायची तसदी घेतली नव्हती. पलीकडे पातेल्यात डाव फिरत राहिला.

थोड्या वेळाने तो अंगणातून वळसा घालून एलोइनाकडे आला आणि न विचारता तिच्या खुर्चीत बसला. "मी काय म्हणतो, दोन घरं कशाला घ्यायची? त्यापेक्षा एक बरंसं घेऊ. एक दार, दोन झुलत्या खुर्च्या, समुद्राचा वारा. तुझ्या हातचा घेवडा आठवतो गं मला. तिचा भात नेहमी गिचका होतो."

"आणि ती?"

"तिची बहीण आहे ना बानेसला. जाईल तिकडे. होईल सवय." आणि त्याने तिच्या निवडलेल्या तांदळातले चार दाणे तोंडात टाकले.

हा परत येईल आणि आपण त्याला हाकलून देऊ, या एका स्वप्नावर एलोइनाने कितीतरी रात्री काढल्या होत्या. आणि आता तो आला होता, कच्चे तांदूळ चघळत, आणि तिला साधा रागही येईना. किळस आली. बिअरच्या बायकोने नवरा पळवला असं ती जन्मभर गावाला सांगत आली होती. याला पळवायला कोण लागतं? कोणतंही दार उघडं दिसलं की हा आत शिरतो, आणि जेवण काय आहे ते विचारतो. इतकी वर्षं आपण चुकीच्या माणसाचा तिरस्कार केला, हे कळल्यावर तिला जास्त चीड आली ती स्वतःची. एवढा चांगला तिरस्कार वाया गेला होता.

"बघू," ती म्हणाली. "ऊठ आता. खुर्ची मोडशील."

*

सकाळी तो गळ घेऊन समुद्राच्या कठड्यावर गेला, तशी एलोइनाने फळीवर बोटाने टकटक केली. या भिंतीवर तिने आजवर फक्त मुठीने मारलं होतं, तेही रेडिओ बंद करा म्हणून.

"ए."

"काय?" पलीकडून आवाज आला.

"काल त्याचं माझ्याकडचं बोलणं ऐकलंस?"

"मी सगळंच ऐकते. तुझं घोरणंसुद्धा."

"मी घोरत नाही."

"बरं."

एलोइनाने जीभ आवरली. "तू सही करणार आहेस?"

"नाही केली तर तुम्ही दोघं मला इथे जगू द्याल का? आणि बानेसच्या बहिणीकडे आधीच दोन सुना आहेत."

"मग नीट ऐक. आणि तुझ्यासाठी करतेय असं समजू नकोस."

"माहितीये. माझ्यासाठी तू आयुष्यात एकच गोष्ट केलीस, फ्रॉक दिलास. तोही तिसऱ्या दिवशी मागून घेतलास."

"माझा फ्रॉक होता तो!"

"काखेत घट्ट होता," मिग्दालिया म्हणाली.

मग एलोइनाने आपला बेत सांगितला. शेवटी मिग्दालियाने विचारलं, "आणि तो वाचेल की कागद."

"तो? नोटरी मोठ्याने वाचून दाखवेल तरी तो ऐकणार नाही. तुला माहीत नाही का नवरा आपला?"

"आपला" हा शब्द दोघींनाही ऐकू आला.

दुपारी एलोइनाने लाचोच्या फोनवरून हावानाला फोन लावला. "बाई, एक विचारायचं होतं. विकणाऱ्या दोन बायका असल्या, दोघी काडीमोड झालेल्या, नवरा कोणाच्याच कागदावर नाही, तर?"

"नवरा नाहीच?" इबिस म्हणाली. "त्याहून चांगलं काय असणार?"

फोन परत घेताना लाचोने तोंड उघडलं, मग दलाली दोन्हीकडून तेवढीच पडते हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने नेहमीसारखी मान डोलवली.

आर्गेलिओला एलोइनाने समजावलं की मिग्दालिया आडून बसली आहे, तिचं तोंड बंद करायला काडीमोडाच्या कागदात त्याचा हिस्सा तिच्या नावावर दाखवायचा. फक्त कागदोपत्री. मग आपलं लग्न झालं की सगळं फिरून एकत्रच येतं. हे कुठल्याही बाजूने खरं वाटण्यासारखं नव्हतं. त्या अर्धवट इमारतीतल्या बकऱ्यांनाही शंका आली असती. आर्गेलिओ म्हणाला, "वा! डोकं आहे हं तुला."

नोटरीबाईने सगळा कागद खणखणीत आवाजात वाचला. हिस्सा, घर, मिग्दालियाचं नाव, सगळं. आर्गेलिओ तेवढ्या वेळात टायपिस्ट मुलीला आपण पकडलेल्या माशाची लांबी हाताने दाखवत होता. "मान्य आहे?" नोटरीबाईने विचारलं. "मान्य, मान्य," तो म्हणाला, "पेन कुठे आहे?" मिग्दालियाने सही करायच्या आधी पेन दोनदा पुसलं, आणि एलोइनाला तेवढ्यापुरता तिचाही संताप आला, की पुसायचं काय त्यात.

*

लग्नाच्या दिवशी आर्गेलिओ नोंदणी कचेरीत अगदी गुडघ्याला बाशिंग बांधून आला. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशात फूल, केसांना तेल. गल्लीतले पाचपंचवीस लोक बघायला आले होते. हिबाऱ्यात करमणूक तशी कमीच. एलोइनाने आपला चांगला निळा फ्रॉक घातला होता. साक्षीदार म्हणून तिने मिग्दालियाला उभं केलं, तेव्हा लोकांत कुजबुज झाली आणि आर्गेलिओने गर्वाने छाती फुगवली. दोन बायका आपल्यासाठी एका खोलीत उभ्या आहेत असं त्याला वाटलं असणार.

"हल्ली बिअर देता का हो?" त्याने निबंधकबाईंना विचारलं. लोक हसले.

निबंधकबाईंनी कायद्याची कलमं वाचली, नवरा-बायकोंनी एकमेकांना मान द्यावा, घरकाम वाटून घ्यावं, वगैरे. मग प्रश्न विचारला. आर्गेलिओ प्रश्न संपायच्या आतच "हो" म्हणाला.

"आणि तुम्ही?"

एलोइनाने त्याच्याकडे नीट पाहिलं. तेल, फूल, हसू. या माणसासाठी आपण रडलो होतो, हे तिला कोणीतरी दुसऱ्याबद्दल सांगितल्यासारखं वाटलं.

"नाही," ती म्हणाली.

आर्गेलिओने तिचा कोपर धरला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "अगं, काय करतेस? फक्त कागदोपत्री तर म्हणायचंय!"

"हो ना," एलोइनाने कोपर सोडवून घेतला. "मीही फक्त कागदोपत्रीच नाही म्हणतेय, आर्गेलिओ. मी कुठे पळून जातेय?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. तो मिग्दालियाचा आवाज होता. तिचं हसणं एलोइनाने फळीपलीकडून कधी ऐकलं नव्हतं, आणि आडव्या दातामुळे ते शिट्टीसारखं वाजतं हे तिला त्या दिवशी कळलं.

*

घर विकलं गेलं. आर्गेलिओ आठवडाभर गावभर बोंबलत फिरला की दोन बायकांनी त्याच्या तोंडाला पानं पुसली, आणि ज्याला त्याला सही कुठे केली ते सांगत राहिला. लोक ऐकायचे आणि विचारायचे, "पण वाचलं नाहीस का?" फळ्यांची भिंत उतरवली तेव्हा एलोइनाने निरोप पाठवला, फळ्या तुझ्या, तू आणलेल्या, घेऊन जा. तो आलासुद्धा, हातगाडी घेऊन.

इबिसला तो गोड वाटला. तिने त्याला देवडीत ठेवून घेतलं, डोक्याला बोरूची टोपी दिली, जिन्याखाली एक खाट दिली. आता रंगीत काचांचा अख्खा अर्धचंद्र फरशीवर पडतो आणि आर्गेलिओ परदेशी पाहुण्यांना ॲडमिरल कुठे झोपायचा ते दाखवतो. परवा एलोइनाने जाताजाता ऐकलं, ॲडमिरल आता दोन झालेत.

मिग्दालियाने समुद्राच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या. पावाच्या रांगेत दोघी भेटतात तेव्हा एलोइना मान फिरवते. एवढ्यातेवढ्याने बोलायला लागायचं म्हणजे काय? बिअरची बायको ती बिअरची बायको. फक्त एकदा, आपल्या मागे उभ्या असलेल्या बाईला तिने हे सांगितलं तेव्हा ती बाई म्हणाली, "नावाने हाक मारायला काय होतं गं?" आणि एलोइना रांगेत एक पाऊल पुढे सरकली.

वरच्या गल्लीतलं हिरवं दार तिने स्वतः रंगवलं, पुन्हा हिरवंच. कितीतरी दिवस ते कोणी वाजवलंच नाही. मग एका रविवारी ती कॉफी गाळत असताना कडी वाजली.

"एलो? मी आहे," बाहेरून आर्गेलिओ म्हणाला.

तिने कॉफी गाळून पूर्ण केली. फडकं पिळलं, खुंटीला अडकवलं. साखर घातली, ढवळली.

"एलो, आहेस ना घरात? कॉफीचा वास येतोय बाहेर."

ती दारासमोरच्या झुलत्या खुर्चीत बसली. आयुष्यात पहिल्यांदा एखादं माणूस थेट तिच्या दाराशी आलं होतं, मधे कोणी नाही. कडी पुन्हा वाजली. एलोइना कप तोंडाला लावून ऐकत राहिली, आणि कॉफी निवायच्या आत तिने ती सगळी, शेवटच्या घोटापर्यंत, आरामात संपवली.